दर दोन तासांनी

(बदलापूर येथील व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



आज मी अरुणा रामचंद्र शानबाग यांची आठवण ठेवून बोलणार आहे. हे नाव तुम्ही बहुतेकांनी ऐकलेलं आहे, पण ते एका गुन्ह्यामुळे आणि पुढे दयामरणाच्या खटल्यामुळे. मला त्या दोन्हींबद्दल थोडंच बोलायचं आहे. माझा आजचा विषय आहे त्यांच्या पाठीची त्वचा.

अरुणाताई मूळच्या कर्नाटकातल्या हळदीपूरच्या. परळच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी ड्यूटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेल्या असताना तिथल्याच एका कर्मचाऱ्यानं त्यांच्यावर हल्ला केला, कुत्र्याच्या साखळीनं गळा आवळला. मेंदूला रक्त पोचलं नाही. तेव्हा त्या २५ वर्षांच्या होत्या. पुन्हा कधी उठल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियानं त्यांचं निधन झालं, तोवरची सगळी वर्षं त्या केईएममध्येच होत्या.

दयामरणाच्या त्या खटल्यात २०११च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या तीन डॉक्टरांनी त्यांना तपासलं. सांधे आखडलेले, हातापायांची बोटं वळलेली, मेंदूची हानी कायमची. हे सगळं त्यांनी नोंदवलं. पण अंगावर बेडसोर नव्हता. ३७ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या अंगावर एकही शय्याव्रण नाही! ७ मार्च २०११च्या निकालात न्यायालयानं केईएमच्या परिचारिकांच्या सेवेचा मोठ्या आदरानं उल्लेख केला, आणि अरुणाताईंच्या वतीनं बोलण्याचा हक्क रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असं मानलं. त्यांना जगवत ठेवावं की नाही, या प्रश्नावर त्या वेळी चांगली माणसं दोन बाजूंना उभी होती, आजही आहेत. त्या वादात मी शिरत नाही. त्वचेबद्दल मात्र वाद नव्हता.

मी आयुष्यभर परिचर्या शिकवली. पहिल्या वर्षाच्या मुलींना विचारलं की नर्सिंगमधलं अवघड काम कोणतं, तर त्या व्हेंटिलेटर सांगतात, आयसीयू सांगतात, शीर सापडत नसलेल्या बाळाला सलाईन लावणं सांगतात. कूस बदलणं कुणी सांगत नाही. म्हणून आज कूस बदलण्यापासूनच सुरुवात करते.

आपल्या त्वचेतल्या सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांमधला दाब पाऱ्याच्या साधारण ३२ मिलिमीटरएवढा असतो. माणूस पाठीवर निजला की माकडहाडाखाली आणि टाचांखाली गादीचा दाब त्याहून सहज जास्त होतो. वाहिन्या दबतात, तिथलं रक्त थांबतं. तुम्ही-आम्ही झोपेतही अधूनमधून हलतो, कारण त्या जागा आपल्याला आतून टोचत असतात. ज्याला टोचणं कळत नाही किंवा कळूनही हलता येत नाही, त्याचं मांस काही तासांत आतून मरायला लागतं. वरून दिसतो फक्त एक लालसर डाग. बोटानं दाबल्यावर तो डाग पांढरा होऊन परत लाल झाला, तर अजून वेळ आहे. दाबूनही तसाच राहिला, तर इजा सुरू झालेली आहे. आणि आपल्याकडची कातडी सावळी, पाठ्यपुस्तकातला हा लाल डाग तीवर दिसतच नाही. तिथे हाताचीच परीक्षा. आजूबाजूपेक्षा जागा गरम लागते का, घट्ट लागते का, की लिबलिबीत लागते? हे पाहायला हात लावावा लागतो आणि पाठ उघडी करून उजेडात बघावी लागते.

दाबाबरोबर घसटही असते. पेशंट पायथ्याकडे सरकला की दोघं जण काखेत हात घालून त्याला वर ओढतात. हाड वर जातं, कातडी चादरीला चिकटून खालीच राहते आणि मधल्या वाहिन्या ताणल्या जातात. म्हणून त्याच्याखाली आडवी चादर घालायची आणि चादरीसकट उचलायचं. डोक्याकडची बाजू फार वर केली तरी माणूस घसरतो. जेवायला बसवावं लागतंच, पण एरवी ३० अंशांच्या वर नको. त्यात लघवीचा ओलावा, घाम आणि पोटात न जाणारी प्रथिनं यांची भर पडली की जखम आलीच म्हणून समजा.

आमच्या वेळी स्पिरिट आणि पावडर लावून पाठ चोळायला शिकवत. मीही कित्येक मुलींना तसंच शिकवलं, तेव्हा शास्त्रच तसं होतं. आता हाडावरची लाल जागा चोळू नये असं सांगतात, कारण आतली दुखावलेली ऊती चोळण्यानं आणखी फाटते. शिवाय स्पिरिटनं त्वचा कोरडी पडते. मधे भोक असलेली रबरी रिंगही वापरू नये, तिच्या कडेनं रक्त अडतं. हवेची गादी चांगली. पण ती घातली म्हणून कूस बदलायचं थांबलं तर गादीचे पैसे वाया गेले.

कूस बदलायची ती दर दोन तासांनी, हा प्रघात. दिवसाला १२ वेळा, वर्षाला ४,३८० वेळा. अरुणाताईंचे साडेएक्केचाळीस वर्षांचे दिवस घेऊन हिशेब मांडा, आकडा १ लाख ८० हजारांच्या घरात जातो. एवढं काम कुणा एकीचं असणं शक्य नाही. ज्यांनी सुरुवात केली त्या निवृत्त झाल्या, ज्यांनी अरुणाताईंना कधी हसता-बोलताना पाहिलं नव्हतं त्यांनी ते पुढे चालवलं, आणि शेवटी शेवटी त्या खोलीत अशा मुली होत्या ज्यांचा १९७३ साली जन्मही झाला नव्हता. ऐंशीच्या दशकात पालिकेनं अरुणाताईंना केईएमबाहेर हलवायचं ठरवलं तेव्हा याच परिचारिका आडव्या आल्या आणि तो विचार सोडून द्यावा लागला. अरुणाताईंना कितीतरी वर्षं तोंडानं भरवलं जात होतं, मऊ कुस्करलेलं अन्न. नळी घालावी लागली ती २०१०मधल्या मलेरियानंतर. गिळणं धड नसलेल्या माणसाला भरवणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया. बसतं करायचं, लहान घास द्यायचा, पहिला गिळल्याचं गळ्याकडे बघून पटल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, आणि जेवण झाल्यावर लगेच आडवं करायचं नाही. एका जेवणाला अर्धा-पाऊण तास जातो, तेवढा वेळ दुसरं काही करता येत नाही.

या कामाला आपण हलकं का म्हणतो?

माझं उत्तर कडू आहे, पण बोलते. ज्याच्या हाताला मलमूत्र लागतं त्याला खालचा मानायची आपल्या समाजाची जुनी खोड आहे. ती रुग्णालयाच्या दारात चपलेबरोबर काढून ठेवता येत नाही. ती न जुमानता पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. पुढे १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं आणि विधवा मुलींना परिचर्येचं शिक्षण द्यायला घेतलं. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कुठल्याही जातीच्या माणसाचं भांडं उचलायचं, म्हणून घराघरांतून विरोध झाला. त्या बायकांनी तो सोसला म्हणून आज आमच्या मुलींना मान आहे. पण मान वाढला तशी एक गोष्ट उलटी घडली. सिस्टर जसजशी वर चढते तसतशी ती पलंगापासून लांब जाते, रजिस्टरांपाशी आणि संगणकापाशी. अंग पुसणं, तोंड धुणं, कूस बदलणं हळूहळू मावशींकडे जातं, आणि मावशी नसल्या की नातेवाइकांकडे. मावशींबद्दल मला आदरच आहे. पण पाठ पुसता पुसता डाग ओळखायला त्यांना कुणी शिकवलेलं नसतं, आणि ज्यांना शिकवलंय त्या ती पाठ बघतच नाहीत. अंग पुसण्याची दहा मिनिटं ही तपासणीची दहा मिनिटं असतात. त्यात त्वचा दिसते, पायावरची सूज दिसते, कॅथेटरची नळी मांडीखाली चेंगरलेली दिसते, आणि काल बोलणारा माणूस आज गप्प आहे हेही कळतं.

गप्प माणसाबद्दलच पुढे बोलते. दिवसपाळीला आलेल्या सिस्टरला ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटांची माहिती, मिळतो आणि चार जण एकदम हाक मारतात. एकाचं सलाईन संपलंय. एकाच्या ड्रेसिंगच्या जागी ठणकतंय आणि तो मोठ्यानं ओरडतोय. एकाला घरी सोडायचंय, रिक्षा खाली उभी आहे, मुलगा टेबलावर हात आपटतोय. चौथी कोपऱ्यातली आजी. ती काहीच मागत नाही, फक्त जरा भराभर श्वास घेतेय. आधी कुणाकडे जायचं? मी परीक्षेत हा प्रश्न हमखास घालत असे. उत्तर आजी. श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण हा क्रम पाठ सगळ्यांचा असतो. तरी वॉर्डात पाय ओरडणाऱ्याकडे वळतात. जो ओरडू शकतो त्याचा श्वासमार्ग निदान मोकळा आहे, हे त्या गडबडीत डोक्यात यावं लागतं.

श्वास मोजणं ही वॉर्डातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. ताप यंत्रावर दिसतो, नाडी आणि ऑक्सिजन बोटाला चिमटा लावला की दिसतात, रक्तदाबाचं यंत्र आपोआप फुगतं. श्वास मात्र डोळ्यांनी, घड्याळ हातात धरून, पूर्ण एक मिनिट मोजावा लागतो, आणि तोही पेशंटला न सांगता, कारण सांगितलं की तो वेगळा श्वास घेतो. म्हणून कित्येक तक्त्यांवर वरपासून खालपर्यंत १८, २०, १८, २० असे आकडे दिसतात. मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला १२ ते २०. रक्तात जंतुसंसर्ग पसरू लागला, हृदय थकलं, फुप्फुसात पाणी साठलं, तर हा आकडा बाकी सगळ्यांच्या आधी चढतो, अनेकदा रक्तदाब पडायच्या काही तास आधी. ब्रिटनमध्ये २०१२ साली रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं पूर्वसूचनेची एक गुणपद्धत आणली. तीत श्वास २५ किंवा त्याहून जास्त असेल तर त्या एका गोष्टीलाच ३ गुण मिळतात, आणि तेवढ्यावर डॉक्टरांना तातडीनं बोलवायचं असतं. कोपऱ्यातल्या आजीचे श्वास २८ असतील आणि तक्त्यावर २० लिहिले असतील, तर ते तास हातचे गेले.

क्रम ठरवण्याबद्दल बोलताना मला २६ नोव्हेंबर २००८ची रात्र आठवते. मुंबईच्या कामा रुग्णालयात प्रसूतिपूर्व कक्षात सिस्टर अंजली कुलथे ड्यूटीवर होत्या. कक्षात २० गरोदर स्त्रिया. अतिरेकी रुग्णालयात शिरले, फाटकाजवळच्या रखवालदारांना त्यांनी मारलं. अंजलीताईंनी आधी कक्षाची दारं लावली. मग २०ही जणींना टोकाच्या पॅन्ट्रीत हलवलं आणि दिवे घालवले. जखमी झालेल्या सहकारी कर्मचारी महिलेला अपघात विभागात पोचवलं. तेवढ्यात रक्तदाब वाढलेल्या एका बाईला कळा सुरू झाल्या. डॉक्टर येऊ शकत नव्हते. गोळीबार चालू असताना भिंतीच्या आधारानं त्यांनी तिला प्रसूतिगृहापर्यंत नेलं, आणि बाळ सुखरूप जन्मलं. पुढे त्या हल्ल्याच्या खटल्यात त्यांनी साक्षही दिली. त्यांच्या धैर्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आणि ते योग्यच आहे. मी त्यात आणखी एक गोष्ट बघते, त्यांच्या कामाचा क्रम. सर्वांना लागू असलेला धोका आधी बंद केला, मग रक्त जाणारी व्यक्ती, मग जिला थांबणं शक्य नाही ती. हे त्या रात्री सुचलं नसणार. वर्षानुवर्षं रोज सकाळी वॉर्डात उभं राहून हाच विचार करणाऱ्या बाईचे हात तसे चालले.

औषधांकडे वळते, आणि इथं थेट तुमच्या घरात येते. आपल्या गावात मधुमेह नसलेलं घर शोधावं लागेल. इन्सुलिनची बाटली आपल्याकडे बहुतेकदा ४०ची असते, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पेनमधलं इन्सुलिन १००चं. सिरिंजही दोन मिळतात. लाल टोपणाची ४०ची, नारिंगी टोपणाची १००ची. दुकानात लाल नव्हती म्हणून नारिंगी आणली आणि ४०च्या बाटलीतून २०च्या खुणेपर्यंत भरलं, तर पोटात ८ युनिट गेली. साखर वाढत राहते आणि घरचे म्हणतात औषध लागू पडत नाही. उलट १००चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये २०च्या खुणेपर्यंत भरलं तर ५० युनिट गेली, अडीच पट. झोपेत साखर उतरून माणूस दगावू शकतो. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एक आहे का, एवढं रोज बघायचं. परिचारिका योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच शब्द पुटपुटत ट्रॉली ढकलते त्याचं कारण हेच. तिला त्या वेळी मध्येच हाक मारून आमचा डिस्चार्ज कधी, असं कृपया विचारू नका. चुका तिथंच होतात.

हात धुण्याबद्दल एवढंच सांगते, साबणपाण्यानं ४० ते ६० सेकंद, आणि एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना प्रत्येक वेळी. हातमोजे घातले म्हणून सूट नाही. तेच मोजे घालून चार पलंग फिरणं हे उघड्या हातांपेक्षा वाईट, कारण मोजे घातले की आपले हात स्वच्छच आहेत असं वाटत राहतं.

हे सगळं करायला माणसं लागतात. १९९८-९९च्या सुमाराची पेनसिल्वेनियातल्या १६८ रुग्णालयांची माहिती घेऊन लिंडा एकन यांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका परिचारिकेवर एक पेशंट वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. तिथं त्या वेळी चार की आठ पेशंट अशी चर्चा चालली होती. आपल्या सरकारी वॉर्डात रात्रपाळीला किती असतात ते तुमच्यापैकी जे कुणी पेशंटजवळ रात्र काढून आले आहेत त्यांनी पाहिलंय. उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय एकट्या उल्हासनगरचं नाही. बदलापूर, अंबरनाथ, कर्जत, मुरबाड या सगळ्या पट्ट्यातला पेशंट तिथं येतो. आपली लोकसंख्या केव्हाच वाढली. २०११च्या जनगणनेतच कुळगाव-बदलापूर पावणेदोन लाखांच्या घरात होतं, आणि त्यानंतर किती इमारती उभ्या राहिल्या ते स्टेशनबाहेर पडलं की दिसतं. ३० पेशंटांना दर दोन तासांनी वळवायचं ठरवलं तर एका सिस्टरला दुसरं काही करायला वेळच उरत नाही. मग काय सुटतं? इंजेक्शन सुटत नाही, त्याची नोंद होते. सुटतं ते, ज्याची रिकामी जागा कागदावर दिसत नाही. श्वास मोजणं, पाठ बघणं, पाणी पाजणं.

आणि परिचारिकेची स्वतःची सुरक्षितता. १९७३मध्ये केईएमच्या एका सिस्टरला कपडे बदलायला तळघरात जावं लागलं. त्या हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला तो यासाठीच. आजही आपल्या गावातल्या कितीतरी मुली सकाळच्या पाळीसाठी अंधारात घराबाहेर पडतात, उभ्यानं लोकलचा प्रवास करून परळला, शीवला, भायखळ्याला पोचतात, आठ तास पायांवर असतात आणि रात्री परत येतात. बदली सिस्टर आली नाही की दुसरी पाळीही त्यांनीच करायची. थकलेल्या मुलीच्या हातून मात्रा चुकली तर चौकशी तिच्या एकटीची होते. ड्यूटीचा तक्ता कुणी लावला हे त्या चौकशीत विचारलं गेलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

भरतीचा प्रश्न आपण या सभागृहात सोडवू शकत नाही. त्यासाठी लेखी मागणी, पाठपुरावा हे चालूच ठेवायला हवं. पण दुसरं एक काम आपल्या हातात आहे. रुग्णालयातून सोडलं की पक्षाघाताचा, खुब्याचं हाड मोडलेला माणूस घरी येतो आणि पुढची वर्षं दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत काढतो. सून नोकरीला, मुलगा लोकलमध्ये, घरात ब्यूरोतून आलेली एक मावशी. तिला कुणी काहीच शिकवलेलं नसतं आणि चूक झाली की दोष तिलाच. अशा घरातला बेडसोर कुठल्याच तक्त्यावर नोंदला जात नाही.

माझी सूचना अशी. महिन्यातून एका रविवारी, दोन तासांचा वर्ग. लागेल ते एवढंच, एक लोखंडी पलंग, दोन चादरी, चार उशा, दोन प्रकारच्या सिरिंज आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ. शिकवायला या गावात राहणाऱ्या निवृत्त सिस्टर, त्यांची इथं वाण नाही. शिकायला घरचे लोक आणि या मावशी. मावशींची त्या दिवसाची मजुरी बुडणार असेल तर ती ज्या घरानं पाठवलं त्यानं द्यायची. पहिल्या वर्गात कूस बदलणं आणि पाठ बघणं, दुसऱ्यात भरवणं, तिसऱ्यात श्वास मोजणं आणि डॉक्टरांना फोनवर नेमकं काय सांगायचं ते, चौथ्यात इन्सुलिन. आयोजकांनी जागा द्यायचं कबूल केलं आहे. दाराशी वही ठेवली आहे. निवृत्त सिस्टरांनी आधी नावं लिहावीत, आणि कोणता रविवार जमेल तेही समोर लिहावं.